बुडाला होता, पळाला नव्हता

शरयूकाकू,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. परवा गरियाहाटच्या बाजारात तुमच्या मासेवाल्याने मला अडवलं. "माशिमा कोथाय?" मावशी कुठे आहेत, एवढंच विचारत होता बिचारा. दहा वर्षं या शहरात काढूनही माझं बंगाली भाजी-माशांच्या पुढे सरकलेलं नाही, त्यामुळे नीट सांगता येईना. शेवटी मी आभाळाकडे बोट दाखवलं. त्याने विळीवरचा हात थांबवला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला की या बाजारात येऊन इलिश माशाला नावं ठेवायची हिंमत एकाच बाईत होती. आम्ही दोघंही हसलो. मग मला रडू आलं, भर बाजारात, हातात वांग्यांची पिशवी घेऊन.

माणूस गेलं की जन्मगाव, शिक्षण, पती, अपत्यं असं सगळं ओळीने लिहितात. ते तुमचा मुलगा अजय लिहील. त्याला सगळं माहीत आहे आणि त्याचं अक्षरही चांगलं आहे. मी तुमची कोण? बालीगंजच्या तुमच्याच इमारतीत दोन मजले वर राहणारी, बँकेत नोकरी करणारी, पुण्याहून बदलीवर आलेली आणि इथेच रुतलेली मंजिरी. लिफ्टमध्ये फोनवर आईशी कडाकडा भांडत होते तेव्हा तुम्ही आपली पहिली ओळख करून घेतलीत. "मराठीत भांडतेस म्हणजे आपल्यातली. संध्याकाळी ये, चहा घेऊन पुढचं भांड." मी आले, आणि पुढची आठ वर्षं आईऐवजी तुमच्याशीच भांडले. त्यामुळे मी आपली भांडणंच लिहिणार आहे. तुम्हालाही तेच आवडलं असतं.

त्या पहिल्या चहाला तुम्ही मला सांगितलंत की तुमचे वडील दुसऱ्या महायुद्धात जहाजाबरोबर बुडाले. मी म्हटलं, "अरेरे." तुम्ही म्हणालात, "अरेरे नंतर. आधी ऐक. ते बुडाले हे मला सिद्ध करायचंय." मला वाटलं, वय झालंय, काहीतरी गोंधळ होतोय. बुडालेल्या माणसाचं बुडणं सिद्ध कशाला करायचं? पण तुमच्या गावात, देवगडजवळच्या त्या खाडीकाठच्या गाबितवाड्यात, मच्छीमारांच्या वस्तीत, सगळ्यांना ठाऊक होतं की तुमचे वडील गणपत पोटुशी बायको टाकून एका सकाळी निघून गेले आणि परत आले नाहीत. तुम्ही जन्मलात त्या 'पळपुट्याचं चेडू', पळपुट्याची पोर, म्हणूनच. शाळेत, विहिरीवर, जत्रेत, तुमचं लग्न ठरताना, प्रत्येक ठिकाणी ते नाव तुमच्या आधी जाऊन बसलेलं असे.

खरी हकीकत घरातल्या दोघांनाच, तुमच्या आईला आणि काकांना, माहीत होती, आणि ती तुम्हाला कळली ती इथे, कोलकात्यात. तुमच्या तोंडून ती मी इतक्यांदा ऐकली की मला ती पाहिल्यासारखी वाटते. तुमच्या यजमानांची बदली इथे झाली होती. तुमचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ दत्ताराम, ज्यांना सगळे दाजी म्हणत, ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तुमच्याकडे आले होते. जन्मभर खाडीच्या तोंडापलीकडे होडी न नेलेला माणूस. त्यांनी हट्ट धरला की खिदिरपूरला खलाशांचं जुनं सभागृह आहे, तिथे मला ने. तुम्ही नेलंत. भिंतीवर पितळेची मोठी पाटी होती, बुडालेल्या जहाजाच्या खलाशांची नावं इंग्रजीत कोरलेली. काकांना वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही शाळेत शिकवायचात तशा थाटात एकेक नाव मोठ्याने वाचायला लागलात. मध्येच थांबून हसलात. "काका, हे बघा! तुमचं नाव, तुमच्या वडलांचं नाव, आपलं गाव! तुम्ही तर मेलात!"

काका हसले नाहीत. खाली पायरीवर बसले आणि म्हणाले, "ह्यो मी नाय गो शरू. ह्यो तुझो बापूस."

जहाजावरच्या नोकरीचे कागद दाजींच्या नावाचे होते. त्या काळी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, किनाऱ्यावरची आपल्या ओळखीची माणसं गोळा करून न्यायचा. त्याचा निरोप आला तेव्हा दाजी हिवतापाने फणफणत होते. पाळी चुकली तर पुन्हा बोलावणं कधी येईल याचा नेम नव्हता. मग गाबितवाड्यात घरोघरी जे चालायचं तेच तुमच्या घरात झालं. थोरल्याने धाकट्याचे कागद उचलले आणि गावात कुणाला न सांगता गेला. कागदावरचं वर्णन गावातल्या अर्ध्या पुरुषांना लागू पडलं असतं: रंग सावळा, बांधा मध्यम. सारंगाने डोळेझाक केली. गोदीतल्या साहेबाला सगळे सारखेच दिसत होते. म्हणून गणपत दत्ताराम होऊन जहाजावर चढला, दत्ताराम म्हणून हाक मारली की ओ देत राहिला आणि दत्ताराम म्हणूनच बुडाला.

कंपनीचं पत्र आलं ते शाळामास्तरांनी घरी येऊन वाचून दाखवलं. आपल्या मरणाची ती बातमी ऐकायला दाजी स्वतः ओट्यावर बसलेले, हातात पेजेची वाटी. मास्तर काय समजायचं ते समजले आणि गप्प राहिले. लढाईच्या दिवसांत दुसऱ्याच्या कागदांवर जहाजावर चढणं म्हणजे तुरुंग, असं सगळे म्हणत. कंपनीच्या भरपाईला कुणी हात लावला नाही. आणि तुमच्या आईने निर्णय घेतला की नवरा गेला तो गेला, दीर तरी वाचवायचा. तिने कुंकू पुसलं नाही. पुसलं असतं तर गाव विचारणार होतं की गणपत मेला हे तुला कसं कळलं. तिला तो मेल्याचं ठाऊक होतं, तरी तिने पुढची तीसेक वर्षं वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळलं आणि शेजारणींचे टोमणे ऐकून घेतले.

हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा माझा चहा निवून गेला होता. तुम्ही मात्र रडत नव्हतात, चिडल्या होतात. "माझ्या आईला रडायलासुद्धा मिळालं नाही मंजू, आणि त्याला पळपुटा म्हणतात!" तुमचा तो राग मला फार आवडायचा. पंचाहत्तरी गाठलेल्या बाईला इतकं धडधाकट रागावता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

काकांनी सांगितल्यावर तुम्ही तेव्हाच का नाही उठलात, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, आई उठू देईना. "दाजी जितो आसा तवसर तोंड उघडूचा नाय," अशी शपथ घातली तिने. मग दाजी गेले, आई गेली. तुमच्या यजमानांचं आजारपण आलं, अजयचं शिक्षण आलं. एवढ्या सगळ्यातून तुम्ही मोकळ्या झालात तोपर्यंत सभागृहाचे जुने कागद वाळवीने खाल्ले आहेत असं उत्तर येऊ लागलं होतं. तुम्ही दर महिन्याला जात राहिलात. तिथले चिटणीस सेनबाबू तुम्हाला पाहिलं की आधीच हात जोडत.

त्या जहाजाबद्दल आपण किती बोललो! 'मयूराक्षी' तिचं नाव. लढाईआधी ती हौशी प्रवाशांना घेऊन रंगून, सिंगापूरकडे जायची. तिच्यावर नाचाचं दालन होतं, पियानो होता, वेताच्या खुर्च्या होत्या. मग सरकारने ती ताब्यात घेतली, पांढरा रंग खरवडून राखाडी फासला, पियानो उतरवला आणि नाचाच्या दालनात सैनिकांसाठी तीन-तीन मजल्यांच्या फळ्या ठोकल्या. मागच्या बाजूला एक तोफ बसवली, जी चालवायला धड कुणाला येत नव्हती. हे सगळं तुम्ही अशा तऱ्हेने सांगायचात की जणू तुम्ही देखरेखीला उभ्या होतात. "फळ्या चांगल्या सागवानी होत्या," असंही एकदा म्हणालात. मी म्हटलं, "काकू, हे कुठे लिहिलंय?" तुम्ही म्हणालात, "नसेल लिहिलं. पण बाबांनी हलक्या फळ्या ठोकल्या नसत्या."

पाणबुडीने तिला गाठलं ते दिवस मावळता मावळता, भर समुद्रात. दोन टॉर्पेडो लागले. वाचलेल्या एका अधिकाऱ्याचा जबाब सेनबाबूंनी तुम्हाला दाखवला होता. त्यात म्हटलं होतं की दुसरी जीवरक्षक बोट खाली सोडताना दोर अडकला, जहाज कलत होतं, आणि एक डेक-खलाशी मागे थांबून दोर कापत राहिला. बोट सुटली. तो खलाशी सुटला नाही. त्याचं नाव माहीत नाही, असंही प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं.

यावरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, तो खलाशी म्हणजे तुमचे बाबा. मी म्हटलं, डेकवर चाळीस-पन्नास माणसं असतील, कुणीही असेल, पुरावा काय? तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत. "नाव माहीत नाही म्हणजे माझेच बाबा. त्या अख्ख्या जहाजावर नाव माहीत नसलेला माणूस तेवढा एकच होता." पण काकू, पुरावा नाही तो नाहीच, हे मी इथे लिहून ठेवते. तुम्ही ऐकत असाल तर चिडा खुशाल.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्ही चारचौघांत सांगून माझी बरीच थट्टा केलीत. पहिली दोन वर्षं मी तुम्हाला हेच ऐकवत होते की दोन्ही भाऊ निरक्षर, सही नाही, अक्षर नाही, पत्र नाही; अंगठेबहाद्दरांचं काय सिद्ध करणार तुम्ही? तो शब्द तोंडातून गेला आणि तुम्ही उठून आत गेलात. चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी बेल वाजवली की आतून रेडिओ मोठा व्हायचा. पाचव्या दिवशी तुम्हीच माझ्या दारात उभ्या. "तुझ्या बँकेत अंगठा चालतो ना?" मी म्हटलं, चालतो. "माणूस बदलला तर कळतं?" मी म्हटलं, न कळायला काय, त्यासाठीच तर घेतात. "मग माझ्या बाबांचा अंगठा का नाही चालणार? जहाजावर चढताना दत्तारामच्या नावापुढे अंगठा कुणाचा उठला असेल? दत्ताराम तर घरी गोधडीत होता!"

मी बँकेत वीस वर्षं अंगठे तपासले आहेत. पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठे शाईत धरून मीच टेकवले आहेत. आणि ही साधी गोष्ट मला सुचली नाही. नाव खोटं लिहिता येतं, अंगठा आपलाच उठतो.

मग आपण सेनबाबूंच्या मागे लागलो. वाळवीने खाल्लेल्या कागदांची पेटी उघडून दाखवा, असा तुम्ही आग्रह धरलात. "जे खाल्लं ते राहू द्या, जे उरलं ते दाखवा." तीन शनिवार आपण त्या सभागृहाच्या मागच्या खोलीत तोंडाला रुमाल बांधून बसलो. सेनबाबू सुरुवातीला नुसते दारात उभे राहायचे. तिसऱ्या शनिवारी कोटाच्या बाह्या वर करून तेही पेटीत वाकले होते. वही त्यांनाच सापडली. कडा खाल्लेल्या होत्या, मधली पानं शाबूत होती. दत्तारामच्या नावापुढे काळा अंगठा होता, आणि त्या अंगठ्यावरून तिरकी पांढरी रेघ गेली होती, वरपासून खालपर्यंत.

तुम्ही त्या रेघेवर बोट ठेवलंत आणि बोललात ते मालवणीत, माझ्याशी नाही, सेनबाबूंशी नाही. "आये, गावलो गो!" आई, सापडला. कालवं काढताना कोयती लागून वडिलांचा डावा अंगठा चिरला होता, हे तुमची आई तुम्हाला लहानपणी सांगायची. तिने नवऱ्याबद्दल सांगितलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक होती. दाजींचा अंगठा शेवटपर्यंत धड होता. त्यांना तुम्ही स्वतःच्या हाताने औषधं दिली होती.

सेनबाबू भले माणूस, पण नियमाने चालणारे. म्हणाले, "माशिमा, मी मानलं. पण विश्वस्तांना जोडी लागेल." जोडी म्हणजे गणपतच्या नावाचा, त्याच अंगठ्याचा दुसरा कागद. तसा कागद होता. घराच्या जागेचं जुनं खरेदीखत, गणपत आणि दत्ताराम दोघांचे अंगठे शेजारी शेजारी. पण ते होतं गावी, दाजींच्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या चुलतभावाच्या, बाळाच्या ट्रंकेत.

बाळा फोनवर काय म्हणाला ते मी तुमच्या शेजारी बसून ऐकलं आहे. सत्तरीचा माणूस. "गे शरूबाय, माझ्या बापाशीक आता चोर ठरवतंस? भावाक मरणाक धाडल्यान म्हणान लोक बोलतले." तुम्हीही उसळलात. तुमचं पहिल्यापासून ठरलेलं होतं की जो बुडालाच नाही त्याचं नाव बुडालेल्यांच्या पाटीवर राहता कामा नये. ते खरवडून तिथे गणपतचं नाव कोरायचं. माझंही मत तेच. बँकेत चुकीची नोंद दिसली की आम्ही ती रद्द करतो, तिला हार घालत नाही. पण तुम्ही आठवडाभर विचार केलात. त्या आठवड्यात तुम्ही मला एकदाही चहाला बोलावलं नाहीत. मग बाळाला फोन लावलात आणि सांगितलंत, "तुझ्या बापाशीचा नाव काढूचा नाय. माझो शब्द." फोन ठेवल्यावर मी वाद घालायला तोंड उघडलं, तर म्हणालात, "पितळेवर एक नाव जास्त राहिलं म्हणून ते जहाज पुन्हा बुडणार आहे का? दाजीकाका तीस वर्षं कागदावर मेलेले होते. समुद्रात जायची छाती झाली नाही त्यांची कधी. तेही बुडालेच की थोडेसे."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता पटलं आहे. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही ते पुढची पाच वर्षं ऐकवलं असतं.

खरेदीखत आलं. आमच्या बँकेच्या ओळखीतल्या निवृत्त ठसेतज्ज्ञांनी भिंगाखाली दोन्ही अंगठे पाहिले आणि दहा मिनिटांत मान हलवली. रेघेकडे तर त्यांनी शेवटी पाहिलं. म्हणाले, ही रेघ नसती तरी मी हेच सांगितलं असतं. त्या दिवशी तुम्ही मला आणि सेनबाबूंना घरी बोलावून सुरमई खिलवलीत. सेनबाबूंनी नम्रपणे सांगितलं की इलिशची सर नाही, आणि मग तुमचं त्यांच्याशी भांडण सुरू झालं. मला फार हायसं वाटलं.

गेल्या थंडीत पाटी लागली. दत्तारामच्या नावाखाली नवी ओळ: 'या नावाने जहाजावर गेलेला त्याचा थोरला भाऊ, गणपत.' वीस-पंचवीस माणसं आली होती. खलाशांचे नातू, पणतू, विश्वस्त, आपल्या इथल्या मराठी मंडळातली चार कुटुंबं. तुम्हाला खुर्ची दिली, ती तुम्ही बाजूला सारलीत. त्र्याऐंशीव्या वर्षी, नऊवारी नाही की शालू नाही, शाळेत शिकवायला जाताना नेसायचात तशी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून तुम्ही पाटीजवळ गेलात आणि ती ओळ मोठ्याने वाचलीत. मग लोकांकडे वळून खणखणीत बंगालीत म्हणालात, "आमार बाबा पालान नि." माझे वडील पळाले नाहीत. टाळ्या वाजवाव्यात की मान खाली घालावी, लोकांना कळेना. सेनबाबूंनी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल वाजला. तुम्ही हसत होतात काकू. मी तुम्हाला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. एखादी मुलगी शर्यत जिंकून बापाकडे धावत येते ना, तसा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी हुगळीच्या घाटावर तुम्ही वडिलांना पाणी दिलंत. भटजी म्हणाले, मुलगा असता तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "मुलगा असता तर त्याने चौकशी एकदाच केली असती. तुम्ही मंत्र म्हणा."

पण घाटावरून परतताना टॅक्सीत तुमचं हसू मावळलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "इथे सगळ्यांना कळलं मंजू. ज्यांना कळायला हवं ते इथे नाहीत." बाळाने कागद पाठवला होता, पण स्वतः आला नव्हता, आणि गावात त्याने चकार शब्द काढला नव्हता. तुमच्या आईला ज्या विहिरीवर टोमणे बसले, त्या विहिरीवर गणपत अजून पळपुटाच होता. मी म्हटलं, पाटीचा फोटो गावात पाठवू या, ग्रामपंचायतीला पाठवू, वर्तमानपत्राला पाठवू. तुम्ही ठाम नाही म्हणालात. "मागून घेतलेली माफी मला नको. बाळाला द्यायची असेल तर तो देईल." मी म्हटलं, तुम्ही असेपर्यंत व्हायला नको का? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मी नसले तरी बाबा असतीलच की." त्यावरून आपण पार बालीगंज येईपर्यंत भांडलो. ते आपलं शेवटचं मोठं भांडण.

काकू, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मी तुमचं ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी मी पाटीचा फोटो बाळाला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही; माफी मागितली नाही की मागा असंही म्हटलं नाही. फोटोत दोन्ही भावांची नावं एकाखाली एक दिसत होती, एवढंच. त्याचं उत्तर आलं नाही. महिने गेले. तुम्हाला सांगावं तर तुम्ही पुन्हा चार दिवस रेडिओ मोठा केला असता, म्हणून मी लपवलं. मग त्या दुपारी तुम्ही जेवून आरामखुर्चीत टेकलात आणि उठलाच नाहीत. अजयला फोन केला, सेनबाबूंना केला, आणि गावी बाळालाही मीच कळवलं. तो "बरा" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मला त्याचा भयंकर राग आला.

काल दुपारी मी बँकेत होते. जेवणाच्या सुट्टीत बाळाचा व्हिडिओ फोन आला. पडद्यावर आधी नुसती माणसांची डोकी, नारळाची झाडं, देवळाचा कौलारू सभामंडप. बाळा म्हणाला, "मंजूबाय, बग. तू धाडलेलो फोटो मी गावाक दाखवलंय. शरूक बगूचा होता, तिच्या वाटणीचा तू बग." देवासमोर अख्खं गाव उभं होतं. गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायला पुढे झाला, तुमच्याकडे देवाला सगळ्या गावाच्या वतीने साकडं घालतात तसं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव ओरडलं.

"ह्या गावचो गणपत, भावाच्या नावार दर्यार गेलो, लढायेत बोट बुडाली, थंयच ऱ्हवलो. पळालो नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी तेका पळपुटो म्हटला. तेच्या बायलेक, तेच्या चेडवाक बोल लावलो. ती आमची चूक झाली. ती पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाळाच्या हातातला फोन हलत होता, म्हणून मला सगळं नीट दिसत नव्हतं. तो रडत होता आणि रडत रडत सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडत होता. तुमच्या आईचे टोमणे ज्यांच्या आज्यांनी मारले असतील, त्या बायका डोक्यावर पदर घेऊन ओरडत होत्या.

"आनि तेचा चेडू शरयू, कलकत्त्याक बसान बापाशीचा नाव सोडवून घेतल्यान. ता आता बापाशीकडे गेला. दोगांकय एका जाग्यार ठेव म्हाराजा!"

तेव्हा काकू, मी पुण्याची, मला मालवणी धड येत नाही, तरी कोलकात्यातल्या भरल्या बँकेत, डबे उघडून बसलेल्या सगळ्या स्टाफसमोर, मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि गावाबरोबर ओरडले, "व्हय म्हाराजा!"